सहा मिलिमीटर

शारजात, इंडस्ट्रियल एरियात, आमच्या काउंटरवर
एकच शब्द दोन भावांनी चालतो.
माणूस लोकल असला की उठून उभं राहायचं,
खुर्ची पुसायची, चहा सांगायचा.
पार्ट लोकल असला की आवाज खाली घ्यायचा,
घरातलं आजारपण सांगतोय असा.

खलिफा बिन हुमैद धैदहून आला.
उठलो. खुर्ची पुसली.
त्याच्या जुन्या लँड क्रूझरचा पॅनहार्ड रॉड
वाळूत वाकून धनुकली झालेला.
मी शेल्फवरून लाल खोकं काढलं :
ऑस्ट्रेलियाचा, पावडर कोटिंग,
आत सहा भाषांत माहितीपत्रक, आपली सोडून.
अकराशे पन्नास दिरहम.
तो हसला. "आणि दस्तगीरचा?"

दस्तगीर शिकलगार. मागच्या गल्लीतली पत्र्याची शेड.
कवठे महांकाळचा. आजा गावोगाव सुऱ्यांना धार लावत हिंडला,
हा एकाच लेथपुढं सव्वीस वर्षं उभा.
त्याचा रॉड दोनशे ऐंशीला. खोकं नाही.
मल्याळी वर्तमानपत्रात गुंडाळून देतो,
तेलानं मथळे आरपार दिसायला लागतात.

माझं कमिशन लाल खोक्यावर.
म्हणालो, "बाबा, वाळूत जीव टांगलेला असतो याच्यावर."
खलिफानं दोन्ही घेतले.
लाल बसवला.
वर्तमानपत्रातला सीटखाली टाकला.

अकरा दिवसांनी परत आला.
लाल रॉडचा वेल्ड उकललेला, शिवण उसवावी तसा.
"रात्री दोन वाजता, टॉर्च दातात धरून
तुमच्या माणसाचा लावला. घरी पोचलो."

ही गोष्ट मला इथंच संपवायची होती.
इथं संपली असती तर शुक्रवारी
जेवणाच्या रांगेत सगळ्यांना सांगितली असती,
छाती थोडी पुढं काढून.

पण दस्तगीर हात पुसत आला,
पाठीवर सरकत गाडीखाली गेला
आणि आतूनच म्हणाला,
"माझा बी वाकलाय की."

दोन सूत.
"आजून एक टेकडी आसती तर ह्यो बी गेला आसता.
चार मिलिमीटरचा पाइप घेतला मी. स्वस्तात मिळाला.
येल्ड त्यांचा कच्चा, पाइप माझा कच्चा.
रबर मातर त्यांचं झ्याक हाय.
आपल्याला रबर जमत न्हाई. तेवढं काढून घिऊ."

खलिफा माझ्याकडं बघत राहिला. अरबीत सांगायचं काम माझं.
'त्याचाही वाकलाय',
हे वाक्य मी तोपर्यंत
कुठल्याच भाषेत गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं.
जीभ थोडी अडली.
सांगितलं.

बुधवारी नवा रॉड तयार झाला.
पाइप तुर्की, बोल्ट जपानी,
दोन्ही टोकांना लाल रॉडमधून उपसलेली रबरं.
खलिफानं उचलून वजन बघितलं, सूर्याकडं धरून आरपार बघितलं.
म्हणाला, "यावर नाव ठोक. कुठला ते ठोक.
मित्र विचारतील."

दस्तगीरनं पंचांचा डबा उघडला.
एस उचलला, शारजाचा.
बराच वेळ चिमटीत धरला. व्हिसा डिसेंबरपर्यंत.
परत ठेवला.
के उचलला.
गावच्या घराचं कुलूप दोन वर्षांतून एकदा निघतं,
तेही रॉकेल घालून.
परत ठेवला.
शेडमधला पंखा खडखडत होता. खलिफा थांबला होता,
मी बिलबुकाची पानं उगाच चाळत होतो.

मग त्यानं आकड्यांच्या कप्प्यातला एकच पंच घेतला.
हातोडीचा एक घाव.
सहा.

"भिंतीची जाडी," तो म्हणाला.
"वाकला तर पुढच्याला कळाय पायजे,
किती पुरलं न्हाई ते."

चारशे दहा दिरहम.
खोकं नाही.